सेंट मार्टिनचे जठर

भुकेने पोटात आग पडते, असे आपण म्हणतो. आयुर्वेदाने जठराग्नी मानला आणि अन्न त्या अग्नीवर शिजते असे सांगितले. ग्रीक वैद्यही पचनाला शिजवण्याचाच शब्द वापरीत. सतराव्या शतकात युरोपात या मताला दोन प्रतिस्पर्धी उभे राहिले. काहींच्या मते जठर हे एक जाते होते; त्याच्या भिंतींच्या दाबाखाली अन्न भरडले जाते. इतरांच्या मते तेथे आंबवण्याची क्रिया चाले. वाद पुष्कळ झाले, पण जिवंत पोटात डोकावण्याची सोय कोणापाशीच नव्हती. मृतदेहाच्या विच्छेदनाने जठराचा आकार समजे, त्याचे काम समजत नसे.

१७५२ साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक युक्ती योजली. शिकारी पक्षी न पचलेला भाग ओकून टाकतात, हे त्याला ठाऊक होते. टोकांना जाळी लावलेल्या धातूच्या नळीत मांस भरून त्याने ती अशा पक्ष्याला गिळायला लावली. नळीतील मांस भरडले जाणे शक्य नव्हते, तरीही ते विरघळू लागले होते. अर्थात हे काम जात्याचे नसून रसाचे होते. इटलीतील लाझारो स्पालान्झानी (१७२९-१७९९) यांनी हा धागा पुढे नेला. स्पालान्झानी हे धर्मगुरू आणि पाविया विद्यापीठातील निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक. पशुपक्ष्यांवर प्रयोग केल्यावर त्यांनी आपलाच देह प्रयोगासाठी घेतला. पाव आणि मांस भरलेल्या कापडाच्या लहान पिशव्या, भोके पाडलेल्या लाकडी नळ्या ते स्वतः गिळत, शौचावाटे बाहेर पडल्या की तपासत. रिकाम्या पोटी ओकारी काढून त्यांनी स्वतःचा जाठररसही मिळवला. आपल्याला ही हकीकत किळसवाणी वाटेल. परंतु तिचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे: प्रयोग करणारा आणि प्रयोग सोसणारा हे दोघे येथे एकच होते. १७८० साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पुढे हा रस प्रत्यक्ष काम करताना पाहण्याची संधी आली ती एका अपघातामुळे, आणि तीही उत्तर अमेरिकेतील ह्युरॉन सरोवराच्या मॅकिनॉ बेटावर. हे बेट म्हणजे कातड्यांच्या व्यापाराचे मोठे ठाणे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात कोणाच्या तरी हातातील बंदूक अवचित उडाली. जेमतेम हातभर अंतरावर उभा असलेला अलेक्सी सेंट मार्टिन कोसळला. हा फ्रेंच भाषा बोलणारा कॅनडियन कॅथलिक तरुण होडी वल्हवून कातडी वाहून नेण्याच्या कामावर होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. डाव्या स्तनाखाली मोठी जखम झाली, फासळ्या मोडल्या, फुप्फुस आणि जठर फाटले. सकाळची न्याहारी त्या भोकातून बाहेर आली.

बेटावरील लष्करी ठाण्याचे सर्जन विल्यम बोमाँट धावून आले. बोमाँट कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले नव्हते. एका डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी करून ते तयार झाले होते. रोगी वाचणार नाही असेच त्यांनाही वाटले. तो वाचला. मात्र फाटलेल्या जठराच्या कडा छातीच्या जखमेला चिकटल्या आणि भोक कायमचे राहिले. कालांतराने आतल्या अस्तराची एक घडी त्यावर पडद्यासारखी आली. त्यामुळे अन्न बाहेर सांडेना, पण बोटाने पडदा सारला की जठराच्या आतले दिसे. सार्वजनिक खर्चाने त्याला पोसण्यास स्थानिक अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा बोमाँटनी त्याला आपल्या घरी नेले. हा उपकार खरा होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

१८२५ साली प्रयोग सुरू झाले. त्या वर्षीच्या १ ऑगस्टला दुपारी बारा वाजता बोमाँटनी रेशमी दोऱ्याला खारवलेले मांस, डुकराची चरबी, शिळा पाव आणि कच्ची कोबी यांचे तुकडे बांधून ते भोकातून आत सोडले आणि तासातासाने ओढून पाहिले. पहिल्या तासात कोबी व पाव निम्मे विरघळले होते, मांस जसेच्या तसे होते. काही वेळा त्यांनी रस बाटलीत काढून घेतला आणि ती जठराइतक्या उष्णतेत, म्हणजे सुमारे १०० अंश फॅरनहाइटवर ठेवली. वेळ अधिक लागला, पण बाटलीतही मांस विरघळले. येथे जात्याचा सिद्धांत संपला. रसायनतज्ज्ञांकडून तपासून घेतल्यावर त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचेही दिसले. (आपण ‘पित्त झाले’ म्हणून तक्रार करतो ती बहुधा या आम्लाचीच असते, खरे पित्त यकृतात तयार होऊन लहान आतड्यात उतरते.)

सेंट मार्टिन संतापला किंवा घाबरला की जठराचे अस्तर कधी लाल व कोरडे, कधी फिकट पडते, हेही बोमाँटनी टिपून ठेवले. हा राग कशाचा होता? उपाशी पोटी तासन्‌तास पडून राहायचे, पोटात नळी घालून घ्यायची, आणि उरलेल्या वेळात त्याच घरची लाकडे फोडायची. १८२५ सालीच तो न सांगता कॅनडाला निघून गेला, तेथे त्याने लग्न केले. १८२९ साली बायकामुलांसह तो परत आला, १८३१ मध्ये पुन्हा गेला. १८३२ साली बोमाँटनी त्याच्याशी रीतसर करार केला: वर्षाला १५० डॉलर, शिवाय अन्न, वस्त्र, निवारा, त्याबदली त्याने डॉक्टरांची सेवा करायची आणि शास्त्रासाठी आपले जठर प्रयोगांच्या स्वाधीन करायचे. माणसाच्या देहावरील संशोधनासाठी लेखी करार होण्याची ही फार जुनी उदाहरणे. संमती होती, पण अन्नाला मोताद असलेल्या माणसाच्या संमतीचे मोल किती धरायचे, हा प्रश्न त्या कागदाने सुटत नाही.

१८३३ साली बोमाँटचा ग्रंथ निघाला. त्यात दोनशेहून अधिक प्रयोग नोंदवले आहेत. मानवी पचनाचे इतके दीर्घ आणि प्रामाणिक निरीक्षण पूर्वी कोणी केले नव्हते. त्यात उणिवाही आहेत. लाळेचा पचनाशी काही संबंध नाही असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात पिष्टमय पदार्थांचे पचन तोंडातच सुरू होते. जठर म्हणजे पचनाचा मुख्य कारखाना, असा समज त्या भोकातून पाहणाऱ्याचा होणे स्वाभाविक होते. पचनाचा आणि शोषणाचा मोठा भाग पुढे सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या आणि पित्ताच्या साहाय्याने होतो. तेथे मात्र भोक नव्हते. रसातील दुसरा घटक, पेप्सिन, १८३६ साली जर्मनीत श्वान या शास्त्रज्ञाने शोधून काढला.

१८३४ साली सेंट मार्टिन घरी गेला तो कायमचा. पुढली जवळजवळ वीस वर्षे बोमाँट त्याला पत्रे धाडीत राहिले, पैसे देऊ करीत राहिले. तो आला नाही. १८५३ साली बर्फावरून घसरून पडल्याचे निमित्त होऊन बोमाँट वारले. पोटाला भोक असलेला त्यांचा रोगी त्यांच्यामागे २७ वर्षे जगला, शेतात राबला, लाकडे तोडली, पोरेबाळे वाढवली.

२४ जून १८८० रोजी क्वेबेक प्रांतातील सेंट टॉमस या गावी त्याचे निधन झाले. त्या काळी मॉन्ट्रियलमध्ये असलेले नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांना ते जठर हवे होते. वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयात ते ठेवावे असा त्यांचा मनोदय होता. शवविच्छेदनासाठी येऊ नये, आल्यास जिवाला धोका आहे, असा इशारा त्यांना मिळाला. कुटुंबाने भर उन्हाळ्यात प्रेत मुद्दाम इतके दिवस घरी ठेवले की ते कुजले आणि कोणाच्याही उपयोगाचे राहिले नाही. दुर्गंधीमुळे शवपेटी चर्चच्या बाहेर ठेवून अंत्यविधी उरकावा लागला. ज्याने अंत्यविधी चालवले आहेत त्याला त्या धर्मगुरूची आणि त्या माणसांची स्थिती सांगावी लागत नाही. आपल्या माणसाचे प्रेत कुजू देणे हे कोणत्याही घराला सोपे नसते. पण ज्या देहाकडे अर्धे शतक परक्यांचे डोळे लागले होते, तो त्यांच्या हाती पडू न देण्याचा दुसरा मार्ग त्यांना दिसला नाही. कोणी उकरू नये म्हणून कबर आठ फूट खोल खणली.

१९६२ साली कॅनडातील शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी त्याच गावी त्याच्या स्मरणार्थ पाटी बसविली. तिच्यावर त्याचे नाव आहे.