परक्या पत्रांची शिक्षा

मे १९३५. तुरीन शहरात मुसोलिनीच्या पोलिसांनी फॅसिस्टविरोधी लेखक-विचारवंतांची धरपकड केली. कवी चेझारे पावेझे याच्या घरी त्यांना एका राजकीय कैद्याची पत्रे सापडली. ती पावेझेसाठी नव्हतीच. त्याची प्रेयसी तीना पिझार्दो हिच्याकरिता ती त्याच्या पत्त्यावर येत. राजकारणापासून एरवी अलिप्त असलेल्या या माणसाने तिचे नाव मात्र उघड केले नाही. शिक्षा झाली तीन वर्षांच्या स्थानबद्धतेची, तीही थेट दक्षिण टोकाला, कालाब्रियातील ब्रांकालेओने या समुद्रकाठच्या गावी. आज आपण वाचतो ती त्याची रोजनिशी तेथेच सुरू झाली. एकटेपण, दमा आणि बहिणीला लिहिलेली कुरकुरीची पत्रे (ती वाचताना मला तर तो अधिकच जवळचा वाटतो), असे दिवस गेले. मार्च १९३६ मध्ये माफी मिळून तो परतला. तोवर तीनाचे लग्न दुसऱ्याशी ठरले होते.