जुन्या विमानाचे नवे अवयव

एखादे विमान म्हातारे झाले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हातारे झालेले असते? मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न फारसा पडत नाही. एंजिन धापा टाकू लागले, पत्रा गंजू लागला, की गाडी एक दिवस भंगारवाल्याच्या दारी जाते. लहान विमानांचे तसे नसते. त्यांचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. छपराखाली ठेवला, गंजापासून जपला, तर तो पन्नास-साठ वर्षे सहज उभा राहतो. एंजिन मात्र दीड-दोन हजार तास चालले की उतरवायचे, पुरते उकलायचे आणि पुन्हा जुळवायचे, नाहीतर सरळ बदलायचे. आणि रेडिओ? तो दहा-पंधरा वर्षांतच जुनापुराणा ठरतो. वाड्यात आजोबा, मुलगा आणि नातू एका छपराखाली नांदावेत, तशा एकाच विमानात यंत्रांच्या तीन पिढ्या नांदत असतात. आणि वाड्याप्रमाणेच इथेही त्यांचे नेहमी पटतेच असे नाही.

हा संसार कसा चालतो ते पाहण्यासाठी आपण एकच विमान घेऊ. अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटा नावाचे शहर आहे. तेथल्या वॉल्टर बीच यांच्या बीचक्राफ्ट कंपनीने दुसरे महायुद्ध संपताच एक नवे लहान विमान बांधले. त्याचे पहिले उड्डाण २२ डिसेंबर १९४५ रोजी झाले आणि १९४७ पासून ते गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागले. नाव 'बोनान्झा'. चार माणसांची जागा, सगळे अंग धातूचे, चाके पोटात मिटणारी, एंजिन १६५ अश्वशक्तीचे आणि वेग ताशी सुमारे १७० मैल. त्या काळात खाजगी माणसाच्या विमानाला हा वेग म्हणजे चैनच होती. पण लोकांच्या डोळ्यांत भरली ती त्याची शेपटी. इतर विमानांना मागे दोन आडवी आणि एक उभी अशी तीन पाती असतात. बोनान्झाला दोनच, आणि तीही इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी तिरपी. एक पाते वाचले, तेवढे वजन वाचले, वाऱ्याचा विरोधही थोडा कमी झाला. या शेपटीची कथा पुढे येणारच आहे.

१९४९ च्या मार्च महिन्यात बिल ओडम नावाचा वैमानिक एका बोनान्झात एकटाच बसला आणि होनोलुलूहून निघून, वाटेत कुठेही न उतरता, न्यू जर्सीतल्या टीटरबरो येथे पोहोचला. अंतर सुमारे पाच हजार मैल, वेळ छत्तीस तास. त्यासाठी पंखांच्या टोकांना आणि केबिनमध्ये पेट्रोलच्या जादा टाक्या बसवल्या होत्या. कारखान्यातून निघालेल्या विमानाला वरून काही जोडून त्याची ताकद वाढवण्याचा हा या जातीतला ठळक प्रयोग. पुढे हे विमान स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेले. आता ते काचेआड बसणार असे कोणालाही वाटले असते. पण १९५१ मध्ये कंपनीने ते बाहेर काढले, दुरुस्त केले आणि पीटर मॅक या अमेरिकन काँग्रेसच्या सदस्याच्या हाती दिले. त्या गृहस्थाने त्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली! संग्रहालयातून निघून जगाची फेरी मारणारी वस्तू विरळाच.

हे झाले यशाचे. आता एक दुःखद प्रकरण सांगितले पाहिजे, कारण जुन्या विमानात नवे यंत्र घालण्याचा प्रश्न त्यातून जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच होत असेल.

१९५९ च्या फेब्रुवारीत आयोवा राज्यात काही तरुण गायक दौऱ्यावर होते. त्यांच्या बसमधली ऊब देणारी यंत्रणा बिघडली होती आणि बाहेर हाडे गोठवणारी थंडी. तेव्हा बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन या तिघांनी पुढच्या गावी जाण्यासाठी एक लहान विमान भाड्याने घेतले. ते विमान १९४७ सालचे बोनान्झा होते. वैमानिक रॉजर पीटरसन, वय २१. तीन तारखेच्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला मेसन सिटीच्या धावपट्टीवरून विमान उडाले आणि पाच-सहा मैलांवर, क्लिअर लेकजवळच्या शेतात आदळले. चौघेही गेले.

चौकशी मंडळाने त्या विमानाचे जे वर्णन केले आहे ते वाचण्यासारखे आहे. सांगाडा अकरा वर्षांचा. एंजिन नुकतेच उकलून जुळवलेले, त्यानंतर अवघे चाळीस तास चाललेले. स्वयंचलित चालकयंत्र तर अगदी अलीकडे बसवलेले, पण अजून चालू न झालेले. म्हणजे तीन वयांचे विमान! आणि विमानाचा तोल दाखवणारे यंत्र होते स्पेरी कंपनीचे. वैमानिकाचे शिक्षण दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर झाले होते. त्या यंत्रात क्षितिजाची एक पट्टी असते आणि तिच्यापुढे चिमुकले विमान. नाक वर झाले की ते विमान पट्टीच्या वर दिसते. स्पेरीच्या यंत्रात पट्टीऐवजी एक फिरता गोल असे, आणि नाक वर की खाली हे तो नेमक्या उलट रीतीने दाखवी. यंत्र चुकीचे नव्हते, बरे का! ते खरेच सांगत होते, पण वाचणाऱ्याला ओळखीची नसलेली लिपी वापरून. बाहेर काळोख, बर्फ, खाली दिवा नाही, वर तारा नाही. अवशेषांत सापडलेला वेगमापक ताशी १७० मैलांच्या आसपास अडकलेला होता आणि विमान मिनिटाला तीन हजार फूट या गतीने खाली येत असल्याची खूण मिळाली.

मुख्य दोष मंडळाने यंत्राला दिला नाही. केवळ यंत्रांच्या भरवशावर उडण्याचा परवाना नसताना अशा हवेत निघण्याचा निर्णय अविचारी होता, असे म्हटले. पण त्या अनोळखी यंत्राचा वाटाही अहवालात स्पष्ट नोंदलेला आहे, आणि हवामानाची पुरी माहिती वैमानिकाला दिली गेली नाही हाही. एकवीस वर्षांच्या पोरावर सगळा भार टाकून मोकळे होणे सोपे होते. मंडळाने तसे केले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता शेपटीकडे येऊ. १९५१ च्या नमुन्यात कंपनीने शेपटीची पाती रुंद केली. ती पुढच्या बाजूने वाढवली, पण आतली पुढची तुळई जिथल्या तिथेच राहिली. वळचणीचा पत्रा वाढवावा आणि खालचा वासा तसाच ठेवावा, तसे झाले. विमान वेगाच्या मर्यादेबाहेर गेले, विशेषतः ढगात दिशाभूल होऊन खाली झेपावले, की या निराधार कडेवर ताण येई आणि शेपटी मोडे. हवेतच विमाने फुटल्याच्या घटना वर्षानुवर्षे घडत राहिल्या. दोष वैमानिकांचा की रचनेचा, हा वाद चालला. अखेर १९८७ मध्ये सरकारी विमानखात्याने हुकूम काढला, की पात्याच्या मुळाशी पुढच्या कडेला धरून ठेवणारी धातूची पट्टी बसवल्याशिवाय ही विमाने पूर्ण वेगाने उडवू नयेत. पट्टी किती लहान! पण तोवर या शेपटीची विमाने बनणेच बंद झाले होते. शेवटचे १९८२ सालचे.

नवी विमाने का घेतली नाहीत, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बाजारात आहे. अमेरिकेत १९७८ साली सतरा हजारांवर लहान विमाने बनली. १९९४ साली हा आकडा हजाराच्याही खाली आला. अपघातांच्या खटल्यांचा खर्च इतका वाढला, की सेस्ना कंपनीने १९८६ मध्ये पिस्टन एंजिनाची विमाने बनवणेच थांबवले. मग माणसे जुन्यालाच सजवू लागली. १९९४ मध्ये काँग्रेसने कायदा केला, की विमान अठरा वर्षांचे झाले की त्याच्या अपघातासाठी कारखानदारावर दावा लावता येणार नाही. त्यातली गंमत अशी, की विमानात नवा भाग बसवला, तर त्या भागापुरती अठरा वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजायची. विमानाला एक वय नसते, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकातच लिहिली गेली.

पण मनाला येईल ते विमानात बसवता येत नाही. प्रत्येक नमुन्याला सरकारी मान्यतापत्र असते, आणि त्यात फेरफार करायचा तर त्याचे पूरक मान्यतापत्र लागते. कोणी अभियंता एक बदल योजतो, कागदावर आणि हवेत तो सिद्ध करतो, आणि मग त्याच जातीच्या विमानांचे मालक ते पत्र विकत घेऊन तोच बदल करतात. याच वाटेने जुन्या बोनान्झांना ३०० अश्वशक्तीची एंजिने मिळाली. काहींनी तर टर्बाइनही बसवले.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. तोल दाखवणारी जुनी यंत्रे हवा ओढणाऱ्या एका पंपावर फिरत, आणि त्या पंपाची कार्बनची पाती पूर्वसूचना न देता तुटत. घरी विमाने बांधणारे हौशी लोक केव्हाच विजेचे स्वस्त पडदे वापरू लागले होते. कारखान्यात बनलेल्या विमानांना मात्र ते निषिद्ध, कारण कागद नाही! सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाने माणसांना कमी सुरक्षित यंत्राशी बांधून ठेवले, असाच याचा अर्थ. २०१६ च्या एप्रिलमध्ये हौशी मंडळींच्या संघटनेने काही सेस्ना व पायपर विमानांसाठी अशा पडद्याची परवानगी मिळवली आणि त्याच वर्षी ती वाट इतर शेकडो नमुन्यांना खुली झाली.

राहिली केबिनमधली थंड हवा. मोटारीत ती इतकी साधी गोष्ट, मग लहान विमानात एवढी दुर्मीळ का? एक तर हजार फूट चढले की हवा सुमारे दोन अंशांनी थंड होते. आठ हजार फुटांवर कुणाला पंखाही नको. प्रश्न असतो तो जमिनीवरचा आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचा. पण काचेच्या त्या डबीत, ॲरिझोनाच्या किंवा टेक्ससच्या दुपारी, घामाने निथळणारा वैमानिक ज्या वेळी भट्टीत बसलेला असतो, नेमके तेच उड्डाणाचे, म्हणजे सर्वांत दक्षतेचे क्षण असतात. म्हणून ही चैन आहे असे मी म्हणणार नाही.

अडचण अशी, की तापलेली हवा विरळ असते. एंजिनाची ताकद घटते, पंखांखालचा आधार घटतो, धावपट्टी अपुरी वाटू लागते. ज्या दिवशी गारवा हवा, त्याच दिवशी एंजिनाला त्याची किंमत परवडत नाही. पायपर कंपनीने १९७० च्या दशकात काही विमानांत यावर छान तोड काढली. वारा घेण्यासाठी पोटाखाली एक झडप उघडे, पण वैमानिकाने उड्डाणासाठी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला, की एक खटका दाबला जाऊन झडप मिटे आणि थंडाई बंद पडे. चढाई संपेपर्यंत घाम पुसावा! पुढे जुना थंडावणारा वायू ओझोनच्या थराला मारक ठरला, १९९५ अखेर अमेरिकेत त्याचे उत्पादन थांबले, आणि ती यंत्रेही बदलावी लागली. काही काटकसरी मालकांनी सगळ्यालाच फाटा देऊन बर्फाची पेटी आणि पंखा मागच्या आसनावर ठेवला. बर्फ तासाभरात वितळतो, पण तोवर विमान वर पोहोचलेले असते.

अलीकडे विजेवर चालणारी थंडावण्याची यंत्रे मिळू लागली. ती एंजिनाच्या पट्ट्यावर विसंबत नाहीत आणि जमिनीवर बाहेरची वीज जोडूनही चालतात. फक्त त्यांना जुना जनित्र पुरत नाही, तो मोठा घ्यावा लागतो. वजन साठ पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे तासाभराच्या उड्डाणाचे पेट्रोल. जुने अवजड रेडिओ, पंप आणि त्याच्या नळ्या काढल्या की यातले काही वजन वसूल होते. तोलाचा प्रश्न मात्र उरतो. तिरप्या शेपटीच्या बोनान्झात पेट्रोल पुढे असते, ते जळत जाते तसा भार मागे सरकतो, आणि थंडाईचे यंत्र बहुधा मागेच मावते. म्हणून बसवण्याचे काम आटोपले की कारागीर तिन्ही चाकांखाली काटे ठेवून विमान पुन्हा तोलतो आणि नवा आकडा विमानाच्या कागदपत्रांत लिहितो. त्यानंतर मागच्या आसनावर दोन जाड माणसे बसवायची की एकच, हे त्या आकड्याला विचारून ठरते.