आवाजासाठी आलेलं पाणी

दोन मिलिमीटरचा पत्रा प्लाझ्मावर कापला की बाक धरतो, ही तक्रार कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये ऐकू येते. त्यावरचा आजचा एक मोठा उपाय मात्र पातळ पत्र्यासाठी शोधलेलाच नव्हता.

प्लाझ्मा कटिंगचं मूळ वेल्डिंगमध्ये आहे. 1941 च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडायला टंगस्टनच्या कांडीचा विजेचा आर्क आणि हेलियम वायू वापरला. पुढे युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट गेज यांनी तोच आर्क तांब्याच्या नोझलच्या अरुंद छिद्रातून दाबून बाहेर काढला. तो इतका तापला आणि वेगाने सुटला की धातू कापू लागला. 1957 मध्ये त्यांना या प्लाझ्मा आर्कचं पेटंट मिळालं. त्याआधीचं गॅस कटिंग म्हणजे ऑक्सिजनमध्ये लोखंड जाळणं. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेसवरचा ऑक्साइडचा थर सहजी वितळत नाही, म्हणून तिथे ते चालत नसे. नवं तंत्र आधी रुजलं ते याच धातूंच्या जाड प्लेटांवर.

पातळ पत्र्याची अडचण वेगळी. एक मीटर पोलाद 100 अंशांनी तापलं तर सुमारे 1.2 मिलिमीटर वाढतं. कापाचा काठ असा वाढू पाहतो, पण शेजारचं थंड पोलाद जागा देत नाही. मऊ पडलेला काठ जागच्या जागी दाबला जातो आणि निवताना आखडून अपुरा पडतो. मग तो शेजारच्या धातूला ओढतो. जाड प्लेट ही ओढ सोसते. पत्र्याची जाडी निम्मी झाली की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो, म्हणून तो वाकतो. स्टेनलेस तर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं आणि उष्णता फार हळू पसरू देतं, त्यामुळे ते जास्तच छळतं.

1968 मध्ये अमेरिकेतल्या हॅनोव्हर गावी प्लाझ्मा कटिंगची हायपरथर्म कंपनी निघाली. तिचे एक संस्थापक रिचर्ड काऊच यांनी नोझलमध्येच आर्कभोवती पाणी सोडलं. हेतू होता आर्क आणखी आवळण्याचा. काप सरळ आला, नोझलही जास्त टिकू लागलं. पण कानठळ्या बसवणारा आवाज, धूर आणि डोळे जाळणारा प्रकाश उरलाच. म्हणून 1970 च्या दशकात पाण्याने भरलेलं टेबल आलं आणि पुढे प्लेट काही सेंटिमीटर पाण्याखाली ठेवून कापू लागले. पाणी आलं ते कामगाराचे कान, डोळे आणि फुप्फुसं वाचवायला. उष्णता तिथल्या तिथे शोषली जाऊन पत्राही सपाट राहतो, हा लाभ त्यासोबत आला. मला या कुळकथेतलं हेच वळण सर्वांत मोलाचं वाटतं. (अ‍ॅल्युमिनियम कापताना मात्र पाण्यातून हायड्रोजन सुटतो. तो प्लेटखाली साचला तर स्फोट होतो, म्हणून तो निघून जाण्याची सोय हवीच.)

पातळ पत्र्याला स्वतःचं यंत्र मिळालं ते 1980 च्या दशकात. कमी अ‍ॅम्पियरची, कंप्रेसरच्या हवेवर चालणारी मशीन गॅरेजपर्यंत पोहोचली. कापाच्या प्रत्येक मिलिमीटरला किती उष्णता मिळते, हे वीजशक्ती आणि वेग यांवर ठरतं. म्हणून लहान छिद्राचं नोझल, बेताचा करंट आणि काप खालपर्यंत जाईल इतका जास्तीत जास्त वेग. हात भीतीने मंदावला की पत्रा हमखास वाकतो.

कापाचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. एका कोपऱ्यात कापून झालं की दूरच्या कोपऱ्यात जायचं, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही. कडेला ठिकठिकाणी न कापलेले बारीक जोड सोडतात, ते तुकडा जागेवर धरून ठेवतात. पत्रा पुरता निवला की मगच ते तोडायचे.