दलदलीची नोंदवही : मँचेस्टरजवळच्या पक्षियादीत दडलेला इतिहास

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या पश्चिमेला ॲस्टली मॉस नावाचे एक राखीव क्षेत्र आहे. तेथील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी वरवर पाहता साध्या याद्या वाटतात. हिवाळ्यात आखूडकानी घुबड आणि भोवत्या. वसंतात टिटवी व चंडोलाच्या कुळातील स्कायलार्क. उन्हाळ्यात हवेतल्या हवेत चतुर पकडणारा हॉबी ससाणा. आणि वर्षभर विलो टिट नावाचा चिमुकला पक्षी. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ही यादी दस्तऐवजासारखी वाचावी. हे पक्षी आज शेजारी असले, तरी त्यांची घरे वेगवेगळ्या काळांत घडलेली आहेत. हा धागा त्या घरांविषयी.

लँकेशायर परगण्यात ‘मॉस’ म्हणजे पीटची दलदल. स्फॅग्नम नावाचे शेवाळ पाणी धरून ठेवते, मेलेल्या वनस्पती त्या आम्लयुक्त पाण्यात पुरत्या कुजत नाहीत आणि त्यांचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने चढत जातो. शेवटच्या हिमयुगानंतर काही हजार वर्षांत येथे चॅट मॉस ही सुमारे २७ चौरस किलोमीटरची दलदल तयार झाली. काही ठिकाणी पीटची खोली सात-आठ मीटरपर्यंत होती. ॲस्टली मॉस हा याच पट्ट्यातला उरलेला तुकडा. १९५८ मध्ये येथे पीट खणणाऱ्या कामगारांना एक मानवी शिर सापडले. ते रोमनकालीन ब्रिटनमधील पुरुषाचे निघाले. दलदल किती निष्ठेने जतन करते, याचा याहून मोठा पुरावा नको.

अठराव्या शतकातील प्रवाशांना मात्र ही भूमी भयाण आणि निरुपयोगी वाटे. डॅनियल डीफोने आपल्या प्रवासवर्णनात चॅट मॉसविषयी जे लिहिले, त्यात कौतुकाचा लवलेश नाही. ‘पडीक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जमीन पडीक ठरली, की तिच्यावर काहीही करण्याची मुभा आपोआप मिळते.

पहिले मोठे आव्हान रेल्वेने दिले. लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग बांधताना जॉर्ज स्टीफन्सनच्या माणसांनी एका ठिकाणी तीन महिने माती ओतली, तरी तळ लागेना. अखेर लाकूड व हीदर झुडपांच्या विणलेल्या ताटव्यांचे थर अंथरून लोहमार्ग अक्षरशः दलदलीवर तरंगत ठेवला गेला. १५ सप्टेंबर १८३० रोजी तो खुला झाला. मुंबई-ठाणे गाडी धावण्यास तेव्हा आणखी साडेबावीस वर्षे बाकी होती. पुढे मुंबई बंदरातून लिव्हरपूलला उतरलेल्या कापसाचा मँचेस्टरकडे जाणारा एक मार्ग याच दलदलीवरून जात होता.

तरीही रेल्वेने दलदल मारली नाही. ते काम शहराच्या मैल्याने केले. गिरण्यांमुळे फुगलेल्या मँचेस्टरला रोजचा मैला, राख आणि कचरा टाकायला जागा हवी होती. महापालिकेने १८८६ मध्ये दक्षिणेकडील कॅरिंग्टन मॉस आणि १८९५ मध्ये चॅट मॉसवरील जमीन विकत घेतली. चर खणून पाणी काढण्यात आले आणि छोट्या रेल्वेमार्गांवरून मैला आणून काळ्या मातीत मिसळण्यात आला. त्या खताबरोबर आलेली फुटकी भांडी आणि काच आजही नांगराच्या फाळाला लागते. कॅरिंग्टन मॉस पूर्वी ग्राउस पक्ष्यांचे माळरान होते. तेथे आता भाजीपाला आणि धान्य पिकू लागले.

आता यादीकडे परत जाऊ. टिटवी आणि स्कायलार्क या चर खणलेल्या, उघड्या शेतांत चांगले स्थिरावले. म्हणजे आज ‘मॉसचे पक्षी’ म्हणून ज्यांची आस्थेने नोंद होते, त्यांपैकी काहींना येथे हक्काची जागा मिळाली ती दलदल आटल्यावर.

विलो टिटची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १८९७ पूर्वीच्या ब्रिटिश नोंदींत हा पक्षी सापडत नाही. याचा अर्थ तो नव्हता असा नाही. तो मार्श टिट या जवळजवळ हुबेहूब पक्ष्याच्या नावाखाली दडला होता. संग्रहालयातील कातडी तपासताना दोन जर्मन अभ्यासकांनी हा फरक ओळखला. नोंद नसणे आणि अस्तित्व नसणे यांत गल्लत करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

हा पक्षी कुजक्या खोडात स्वतः बीळ कोरतो. त्याला ओलसर, दाट, तरुण झाडोरा लागतो. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींभोवती आणि अर्धवट सुकलेल्या मॉसवर बर्च व विलोची अशी दाटी माजली. देशभर विलो टिटची संख्या १९७० नंतर कोसळत असताना विगन-लीच्या या खाणपट्ट्यात तो टिकून राहिला. ज्या जमिनीची उद्योगांनी नासाडी केली, तीच त्याचा आश्रय ठरली.

पेच येथेच आहे. लँकेशायर भागातील सखल दलदलींपैकी सुमारे दोन टक्केच आज शिल्लक आहेत आणि सुकलेले पीट साठवलेला कार्बन हवेत सोडते. म्हणून लँकेशायर वाइल्डलाइफ ट्रस्टने चर बुजवून पाणी पुन्हा अडवण्याचे काम हाती घेतले. २०१२ मध्ये संस्थेने लिटल वूल्डन मॉस ही पीट खणून उघडी-काळी पडलेली जमीन घेतली. ॲस्टली मॉसवर कापूसगवत पुन्हा वाढले आणि त्यावर जगणारे, ‘मँचेस्टर आर्गस’ या जुन्या नावाने ओळखले जाणारे फुलपाखरू २०२० मध्ये तेथे परत सोडण्यात आले. साचलेल्या पाण्यात चतुर वाढले, की हॉबी ससाण्यालाही शिकार मिळते. मात्र बर्च पाणी शोषतो. दलदल जगवायची तर तो मध्यभागातून तोडावाच लागतो. तोडला, की विलो टिटचे खोड जाते. शेत बुडवले, की स्कायलार्कची जागा जाते.

‘मूळ निसर्ग परत आणणे’ हा शब्दप्रयोग म्हणूनच जपून वापरावा. कोणत्या वर्षाचा निसर्ग, हा प्रश्न लगेच उभा राहतो. १८३० चा की १९७० चा? कार्बन आणि दुर्मिळता यांचा विचार करता ओल्या दलदलीचे पारडे जड आहे. पण त्या निवडीची किंमत काही पक्षी मोजतात, हे लपवण्याचे कारण नाही. व्यवहारात तडजोड अशी, की मधला भाग ओला आणि मोकळा ठेवायचा व कडेचा झाडोरा राखायचा. जवळच्या रिसली मॉसवर मध्ये दलदल आणि भोवती वन अशीच रचना दिसते. तेथे दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याचा कारखाना होता.

पुढील काही दशकांत विलो टिट नोंदवहीच्या पानांवर टिकतो की नाही, हे या कडेच्या झाडोऱ्याच्या रुंदीवर बऱ्याच अंशी अवलंबून राहील.