रेषा, किरण आणि रेषाखंड

रेषा, किरण आणि रेषाखंड हे भूमितीतील तीन परस्परसंबंधित मूलभूत संबोध आहेत. तिन्ही सरळ व रुंदीविरहित असून त्यांतील भेद टोकांवरून ठरतो. रेषेला टोक नसते, किरणाला आरंभबिंदू हे एकच टोक असते आणि रेषाखंडाला दोन अंत्यबिंदू असतात. त्यामुळे या तिघांपैकी केवळ रेषाखंडाचीच लांबी मोजता येते. कागदावर मात्र तिन्ही आकृत्या कोठेतरी संपतातच. म्हणून आकृतीतील बाणाची खूण आणि लेखनातील नाव यांवरूनच कोणती आकृती अभिप्रेत आहे हे ओळखावे लागते.

## व्याख्या

आधुनिक भूमितीत बिंदू, रेषा व प्रतल हे संबोध अव्याख्यात मानतात. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते, हे गृहीत धरलेले असते. किरण व रेषाखंड यांची व्याख्या मात्र ‘दरम्यानता’ या कल्पनेच्या आधारे करता येते. अ, प, ब हे तीन भिन्न एकरेषीय बिंदू असून अ ते प आणि प ते ब या अंतरांची बेरीज अ ते ब या अंतराइतकी असेल, तर प हा अ आणि ब यांच्या दरम्यान आहे असे म्हणतात आणि ते अ-प-ब असे लिहितात.

* रेषाखंड अब : अ व ब हे बिंदू आणि त्यांच्या दरम्यानचे सर्व बिंदू यांचा संच.
* किरण अब : रेषाखंड अब वरील सर्व बिंदू आणि अ-ब-प असे असणारे सर्व बिंदू प यांचा संच. अ हा त्याचा आरंभबिंदू होय.
* रेषा अब : किरण अब आणि किरण बअ यांचा संयोग. याच दोन किरणांचा छेद म्हणजे रेषाखंड अब.

ज्या दोन किरणांचा आरंभबिंदू सामाईक असतो आणि ज्यांच्या संयोगाने एक रेषा तयार होते, त्यांना विरुद्ध किरण म्हणतात.

## तुलना

| | रेषा | किरण | रेषाखंड |
|---|---|---|---|
| टोके | नाहीत | एक | दोन |
| विस्तार | दोन्ही दिशांना अमर्याद | एका दिशेला अमर्याद | मर्यादित |
| लांबी | मोजता येत नाही | मोजता येत नाही | निश्चित |
| आकृतीतील बाण | दोन्हीकडे | एकीकडे | नाही |
| नावातील अक्षरक्रम | बदलला तरी चालतो | बदलता येत नाही | बदलला तरी चालतो |

बिंदूंची संख्या तिन्हींवर अनंतच असते. रेषाखंड मर्यादित असला, तरी त्यावरील कोणत्याही दोन बिंदूंच्या दरम्यान आणखी बिंदू असतो.

## नामकरण

रेषाखंडाचे नाव लिहिताना शालेय पुस्तकांत ‘रेख अब’ असा संक्षेप वापरतात. रेख अब आणि रेख बअ एकच होत. किरणाच्या नावात मात्र आरंभबिंदू नेहमी प्रथम येतो. किरण अब व किरण बअ हे भिन्न आहेत.

एका रेषेवर अ, ब, क हे बिंदू अ-ब-क या क्रमाने असल्यास त्या बिंदूंवरून रेषा एकच मिळते, रेषाखंड तीन मिळतात (अब, बक, अक) आणि भिन्न किरण चार मिळतात. किरणांची नावे सहा लिहिता येतात. परंतु किरण अब व किरण अक एकच आहेत, तसेच किरण कब व किरण कअ हेही एकच आहेत.

## भेदाचे महत्त्व

समांतरता. एकाच प्रतलातील दोन रेषा परस्परांना छेदत नसतील तर त्या समांतर असतात. हा निकष रेषाखंडांना जसाच्या तसा लावता येत नाही. एकमेकांना न छेदणारे दोन रेषाखंड वाढवल्यावर छेदू शकतात. त्यांना सामावणाऱ्या रेषा समांतर असतील तरच ते रेषाखंड समांतर मानतात.

कोन आणि त्रिकोण. कोनाच्या भुजा किरण असतात, तर त्रिकोणाच्या बाजू रेषाखंड असतात. म्हणून आकृतीत भुजा लांब काढल्याने कोनाचे माप वाढत नाही. त्रिकोणाच्या बाजूची लांबी बदलली तर मात्र त्रिकोण बदलतो.

शिरोलंब. विशालकोन त्रिकोणात लघुकोनाच्या शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवर टाकलेल्या लंबाचा पाद त्या बाजूवर पडत नाही, तर बाजू वाढवून मिळालेल्या भागावर पडतो. हा लंब बाजूला सामावणाऱ्या रेषेवर असतो. त्या त्रिकोणाचे तीन शिरोलंब रेषाखंड म्हणून एका बिंदूत मिळत नाहीत. त्यांना सामावणाऱ्या रेषा मात्र त्रिकोणाच्या बाहेर एका बिंदूत मिळतात.

अंतर. अ (०, ०), ब (४, ०) आणि प (७, ४) हे बिंदू घेतल्यास प पासून रेषा अब चे अंतर ४ एकक आहे, कारण लंबपाद (७, ०) हा रेषेवर आहे. तो किरण अब वरही असल्याने त्या किरणापासूनचे अंतरही ४ च येते. परंतु रेषाखंड अब किंवा किरण बअ वर तो बिंदू नाही. तेथे प ला सर्वांत जवळचा बिंदू ब असून अंतर ५ एकक येते.

## संख्यारेषेवरील रूप

संख्यारेषेवर हाच भेद असमानतांतून दिसतो. सर्व वास्तव संख्यांनी संपूर्ण रेषा व्यापली जाते. २ आणि त्याहून मोठ्या सर्व संख्या मिळून किरण होतो, तर २ पासून ५ पर्यंतच्या सर्व संख्या (२ व ५ धरून) मिळून ३ एकक लांबीचा रेषाखंड होतो.

## इतिहास

युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथात (इ.स.पू. ३००च्या सुमारास) ‘सरळ रेषा’ या संज्ञेने बहुधा मर्यादित रेषाच, म्हणजे आजचा रेषाखंड, अभिप्रेत आहे. दोन बिंदू रेषेने जोडता येतात आणि मर्यादित रेषा सरळ वाढवता येते, ही त्याची पहिली दोन गृहीतके होत. पहिल्या भागातील पहिल्या रचनेत तो मर्यादित रेषेवर समभुज त्रिकोण काढतो. बाराव्या रचनेत बाहेरच्या बिंदूतून लंब काढताना मात्र रेषा अमर्याद असल्याचे तो स्पष्ट सांगतो.

सवाई जयसिंगाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी अठराव्या शतकात या ग्रंथाचे अरबी रूपावरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृत भाषांतर केले. दरम्यानतेची गृहीतके जर्मन गणिती मोरिट्झ पाश यांनी १८८२ मध्ये मांडली. पुढे डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९९ मध्ये भूमितीच्या पायाविषयीच्या ग्रंथात त्यांना सुव्यवस्थित रूप दिले.

## शब्दप्रयोगाविषयी

‘रेघ’ हा बोलीतील शब्द कागदावर ओढलेल्या खुणेसाठी आहे; ती वाकडीही असू शकते. ‘५ सेंमी लांबीची रेषा काढा’ हा प्रयोग रूढ असला, तरी काटेकोर अर्थाने तेथे ‘रेषाखंड’ हवा. किरण आणि सदिश दोन्ही बाणाने दाखवले जात असले, तरी सदिशाला निश्चित परिमाण असते, किरणाला लांबी नसते. सूर्याचा किरण हे उदाहरण आरंभबिंदू आणि दिशा समजण्यापुरतेच उपयोगी आहे. भौमितिक किरण कोणत्याही पृष्ठभागावर अडत नाही.

## हेही पाहा

* बिंदू
* प्रतल
* कोन
* समांतर रेषा
* सदिश