मुलांमधील कन्कशन : ‘फाइव्ह पी’ गुणांकन पद्धती

डोक्याला मार लागून मेंदूला बसणारा हादरा म्हणजे कन्कशन. सीटी स्कॅनमध्ये तो सहसा दिसत नाही. त्यामुळे मूल केव्हा बरे होईल, या पालकांच्या प्रश्नाला डॉक्टरांकडे ठोस उत्तर नसे. ओटावातील डॉ. रॉजर झेमेक यांच्या नेतृत्वाखाली कॅनडातील ९ बाल आपत्कालीन विभागांत २०१३ ते २०१५ दरम्यान ५ ते १७ वर्षांच्या ३,०६३ मुलांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २०१६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाठपुरावा पूर्ण झालेल्यांपैकी ३१ टक्के मुलांना २८ दिवसांनंतरही त्रास होत होता. वय, लिंग, अर्धशिशीचा पूर्वेतिहास, डोकेदुखी, आवाज असह्य होणे, उत्तरे देण्यातील मंदपणा, तोल सांभाळताना होणाऱ्या चुका यांसह ९ बाबींवर आधारित १२ गुणांची मोजपट्टी त्यातून तयार झाली. तिची अचूकता मध्यमच आहे. डॉक्टरांचा निव्वळ अंदाज मात्र नाणेफेकीपेक्षा फारसा सरस ठरला नव्हता.