युद्धनौका आठ, पण पैसा कुणाचा?

'तिजोरीत पैसा नाही' हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकत आलो आहोत. शिष्यवृत्ती रखडली की हेच, अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दुसरीकडे वळवला की हेच. या वाक्याचा अर्थ नीट कळावा म्हणून आम्ही आज वाचकांना जरा लांब नेणार आहोत, ब्रिटिश नौदलाच्या हिशेबवहीत.

१९०६ साली ब्रिटनने 'ड्रेडनॉट' पाण्यात उतरवली आणि जगातल्या बाकी मोठ्या युद्धनौका एका फटक्यात जुन्या ठरल्या. त्यात ब्रिटनच्या स्वतःच्याही आल्या! जर्मनी तशाच नौका बांधू लागली. १९०९ च्या सुरुवातीला नौदलमंत्री मॅकेना यांनी सहा नव्या ड्रेडनॉट मागितल्या. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज आणि व्यापारमंत्री चर्चिल (होय, तेच चर्चिल) म्हणाले, चार पुरेत. सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंग पेन्शन त्याच जानेवारीत सुरू झाले होते, त्यालाही पैसा हवा होता. बाहेर विरोधक आणि वृत्तपत्रे 'आठ हव्यात' म्हणून ओरडत होती. तडजोड झाली: चार लगेच, चार गरज पडल्यास. काही महिन्यांत आठही मंजूर. खुद्द नौदलाने मागितल्या होत्या सहा.

तूट सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांची. लॉइड जॉर्जने ५,००० पौंडांवरच्या उत्पन्नावर जादा कर लावला आणि मालकाने काही न करता जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीवर २० टक्के कर सुचवला. आठ नौकांसाठी गळा काढणारे जमीनदार आता चवताळले. लॉइड जॉर्जनेही सुनावले, एक ड्यूक पोसायला दोन ड्रेडनॉटइतका खर्च येतो. ३० नोव्हेंबर १९०९ रोजी उमरावांच्या सभागृहाने ३५० विरुद्ध ७५ मतांनी अर्थसंकल्प फेटाळला. देशभक्ती होती, फक्त बिल दुसऱ्याच्या नावावर हवे होते. शेवटी निवडणूक घ्यावी लागली, १९१० मध्ये अर्थसंकल्प मंजूर झाला आणि १९११ च्या कायद्याने पैशाची विधेयके रोखण्याचा उमरावांचा अधिकारच गेला.

आपल्याकडे मात्र शेतसारा आणि मिठावरचा कर भरणाऱ्या रयतेला कुणी विचारले नाही. भारताच्या तिजोरीतून ब्रिटिश नौदलाला वर्षाला १ लाख पौंड जात होते.

महायुद्धाने ब्रिटन कर्जात बुडाला. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात मोठ्या युद्धनौका बांधणे दहा वर्षे थांबवायचे ठरले. ब्रिटनला दोन नौकांची सूट मिळाली, पण ३५,००० टनांच्या आत. आराखडे कापूनकुपून 'नेल्सन' आणि 'रॉडनी' तयार झाल्या.

पुढची काटछाट माणसांवर आली. १९३१ च्या मंदीत सरकारने पगारकपात जाहीर केली. वरच्यांना साधारण १० टक्के; पण जुन्या दराने भरती झालेल्या साध्या खलाशाचा रोज ४ शिलिंगांवरून ३ वर, म्हणजे २५ टक्के कपात. अनेकांना ही बातमी वृत्तपत्रांतून कळली. १५ सप्टेंबरला इन्व्हरगॉर्डन इथे खलाशांनी नौका हलवायला नकार दिला. त्यांत 'रॉडनी' होती, 'नेल्सन'ही होती. लंडनचा बाजार हादरला, पौंडावरचा विश्वास उडू लागला आणि २१ सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णमानक सोडले. खलाशांची कपात १० टक्क्यांवर आणली गेली, पुढाकार घेणाऱ्यांना मात्र नौदलातून काढून टाकले.

त्याच दिवसांत बाबासाहेब दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली त्याच शहरात प्रसिद्ध झाला होता, आणि सुवर्णमानकाचा वाद हा त्या ग्रंथाचा गाभाच. लष्करी खर्च कुठून येतो, हा प्रश्न त्यांनी पुढे स्वतंत्र भारतातही सोडला नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळ सोडताना दिलेल्या निवेदनात त्यांनी आकडे मांडले: ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात. त्याचे कारण त्यांनी सीमेवर शोधले नाही. देशाला मित्र उरले नाहीत म्हणून हा खर्च वाढतो, असे सांगून त्यांनी थेट नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाकडे बोट दाखवले.